पाणी शांत होईपर्यंत

त्याने सगळ्यात आधी काय केलं, तर पाण्यात हात घातला.

मी कंट्रोल डेस्कवर पाठमोरी बसले होते. स्क्रीनवरची, पाण्याची हालचाल दाखवणारी रेघ सपाट होत आली होती. आणखी थोड्या वेळात पुढचा रन घेता आला असता. तेवढ्यात रेघ थरथरली. मी मान वळवली. निळ्या रेनकोटमधला एक माणूस टाकीच्या कडेला उकिडवा बसून पाण्यात बोटं फिरवत होता... नावेत बसल्यावर फिरवतात तशी. त्याच्या कोटावरून पावसाचं पाणी ठिबकत होतं, तेही टाकीतच.

"हात काढा," मी म्हणाले.

हे मी मराठीत म्हणाले, ते मला नंतर लक्षात आलं. दचकले की माझ्या तोंडून मराठीच येतं. त्या प्रयोगशाळेत मराठी समजणारं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, दिगंबर काका, आणि ते त्या दिवशी आलेले नव्हते. पण या माणसाने हात काढला आणि पँटला पुसला.

"सॉरी," तो मराठीत म्हणाला. "पाणी किती गार आहे ते बघत होतो."

"तापमान स्क्रीनवर दिसतं."

"दिसतं. पण गार नाही लागत ना."

मी घड्याळात बघितलं आणि त्याला सांगितलं की त्याच्या बोटांमुळे आता पुन्हा थांबावं लागेल. तो म्हणाला, चालेल. आणि कोट काढून टाकीच्या काठालगतच्या खांबामागच्या बाकावर बसला, जणू तो बाक त्याच्यासाठीच ठेवलेला होता.

त्याचं नाव अनिश ढोबळे. मूळचा नागपूरचा, राहायला न्यू जर्सीतल्या एडिसनला. मीही एडिसनलाच राहते आणि ट्रेनने हडसनच्या काठावरच्या या प्रयोगशाळेत येते. इतकी वर्षं एकाच गावात असून आम्ही एकमेकांना कधी बघितलं नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं. मला वाटलं नाही. एडिसनमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत.

आमची टाकी म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढा लांब आणि जेमतेम एका खोलीएवढा रुंद हौद. त्याच्यावर रूळ आहेत, रुळांवरून एक गाडा धावतो. गाड्याखाली जहाजाचं छोटं मॉडेल बांधायचं, ठरलेल्या वेगाने ओढायचं, आणि त्याच्यामागे उठणाऱ्या लाटा मोजायच्या. फेरीबोट धक्क्यावरून निघून गेली की लोक तिला विसरतात. तिच्या लाटा मात्र काही वेळाने काठाला येऊन लागतात. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात, गवताळ काठ हळूहळू खचतो. काठाला कमी त्रास देणारी नवी फेरी कशी असावी, हे आम्ही शोधत होतो. अनिशच्या कंपनीने त्याच लाटा कॉम्प्युटरवर काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्यांचे आकडे आमच्या आकड्यांशी जुळतात का, ते बघायला तो आठवड्यातून तीन दिवस येणार होता.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, सगळे रन एका आठवड्यात उरकतील ना? मी म्हटलं, नाही. एक रन अर्ध्या मिनिटात संपतो, पण मॉडेलने उठवलेल्या लाटा भिंतींवर आपटून परत परत येत राहतात. त्या विरायच्या आत दुसरा रन घेतला तर जुन्या लाटा नव्या लाटांत मिसळतात आणि आकडे खोटे येतात. म्हणून प्रत्येक रननंतर थांबायचं. आमचं काम बहुतेक वेळ थांबण्याचंच असतं.

"आणि थांबताना तू काय करतेस?"

"थांबते."

दुसऱ्या दिवशी मी टाकीच्या कठड्यावर पाटी लावली, पाण्याला हात लावू नये अशी. इंग्रजीत. त्याने ती लक्षपूर्वक वाचली आणि विचारलं, इथे हात घालणारा माणूस एकच आहे, तर पाटी मराठीत का नाही? मी त्याच्याकडे बघितलं नाही. पण संध्याकाळी ट्रेनमध्ये मला हसू आलं, तेव्हा समोरची बाई माझ्याकडे बघत होती.

*

थांबण्याच्या वेळात माणसं बोलतात. मी सहसा बोलत नाही, पण तो बोलायचा, आणि एका लांबच लांब हौदाच्या काठी दोघंच असल्यावर ऐकावंच लागतं. त्याचा रूममेट वरणाला बटरची फोडणी देतो. त्याची आई दर रविवारी फोनवर आधी हवामान विचारते, मग मुली. मी मिरजेची, हे कळल्यावर तो म्हणाला, तरीच. तुमच्याकडे तंबोरे बनवतात ना... म्हणून तुला जगातली प्रत्येक तार लावून बघायची असते.

मी म्हटलं, आमच्या घरात कुणाला सा लावता येत नाही.

"सा नाही गं. शांतता. रन घ्यायच्या आधी तू जी ऐकतेस ना, ती."

हे कुणी माझ्याबद्दल आधी म्हटलं नव्हतं. मी स्क्रीनकडे वळले.

आमचं पहिलं भांडण लाटांच्या कोनावरून झालं. जहाजामागे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या लाटा उठतात. मी सहज बोलले की खोल पाण्यात बदक असो की तेलवाहू जहाज, तो व्ही तेवढाच रुंद असतो. त्याने मान हलवली. त्याच्या प्रोग्रॅममध्येही तसंच येत असणार, पण आकड्यांत बघितलेलं त्याला पटत नव्हतं.

"बदक आणि टँकर? सेम? यार, काय सांगून राहिली तू."

शनिवारी एडिसनच्या रूझवेल्ट पार्कमधल्या तळ्यावर मी त्याला बदकं दाखवली. बारीक पाऊस होता. माझ्याकडे छत्री होती, त्याच्याकडे तोच निळा कोट. एक बदक संथ चाललं होतं, दुसरं त्याच्यापुढे घाईने. मी फोन उंच धरून वरून फोटो काढले आणि दोघांचेही कोन मोजून दाखवले. त्याने माझ्या हातातला फोन नीट बघावा म्हणून मान खाली केली, आणि तो छत्रीखाली आला. छत्री एकाच माणसाची होती.

"म्हणजे कोण किती घाईत आहे, ते मागे बघून कळतच नाही," तो म्हणाला.

"कोनावरून कळत नाही. लाटांच्या लांबीवरून कळतं. घाई असली की लाटा लांब होतात. सावकाश चाललं की आखूड."

"आणि माझ्या लाटा?"

"तू पाण्यात नाहीस."

"पडू का?"

मी छत्री थोडी त्याच्या बाजूला केली. तळं फार थंड आहे, एवढंच बोलले. नंतर आम्ही ओक ट्री रोडवर पाणीपुरी खाल्ली, आणि त्याने स्वतःच्या पुरीत पाणी सांडू नये म्हणून इतका प्रयत्न केला की माझ्या कुर्त्यावर सांडलं. मला राग आला नाही. याची मी नोंद घेतली.

*

त्यानंतरच्या आठवड्यात पाणी शांत होईना.

रेघ नेहमीसारखी खाली यायची, सपाट व्हायला लागायची, आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा हलायची. अगदी बारीक, पण हलायची. मी पंखे बंद करून बघितले. पंप तपासला. बाहेरून जाणाऱ्या ट्रकचा हादरा बसतो का, ते बघितलं. दिगंबर काका त्या दिवशी आले होते. काका इथे जहाजांची डिझाइनं करत म्हातारे झाले. निवृत्त झाल्यावरही मॉडेलांची डागडुजी करायला येतात, आणि थर्मासमधून चहा आणतात. मी त्यांना रेघ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रेघेकडे बघितलं, मग खांबाकडे, मग माझ्याकडे.

"पाणी हट्टी झालंय," ते म्हणाले. "वय झालं की होतं. किंवा वय नसलं की होतं." आणि चहा ओतून निघून गेले.

जुन्या रनच्या लाटा लांब असतात, आणि त्या विरत जातात. या नव्या होत्या. आखूड होत्या. आणि टाकीच्या मध्यावरून, खांबाच्या बाजूने येत होत्या.

मी चाचणी घेतली. अनिशला डेस्कपाशी बोलावलं आणि कॉफीचा मग त्याच्या दोन्ही हातांत दिला. रेघ सपाट. त्याला बाकावर परत पाठवलं. रेघ हलली. पुन्हा बोलावलं, पुन्हा कॉफी. एकदा घडलेल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, ही कॉफी तू मला इकडून तिकडे फिरवत का पाजते आहेस?

मी सांगितलं, संपवायची आहे.

तो बाकावर गेला. खांबाआडून त्याचा फक्त उजवा खांदा दिसत होता. खांदा सावकाश, अगदी सावकाश पुढेमागे होत होता.

मी त्याला थांबवायला हवं होतं. आकड्यांचं नुकसान नव्हतं, कारण रेघ पूर्ण सपाट झाल्याशिवाय मी रन घेतच नव्हते. नुकसान फक्त वेळेचं होतं, आणि तो वेळ आम्हा दोघांचाच होता. मी पाटीकडे बघितलं. मग त्याला विचारलं की नागपूरला खरंच एवढं ऊन असतं का. त्याने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. मी तो वेळ घेऊ दिला.

*

ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या कंपनीने न्यू जर्सीचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. सगळ्यांनी टेक्सासला, फ्रिस्कोला जायचं. ज्याला जायचं नसेल त्याने दुसरी नोकरी बघायची. अनिशचा व्हिसा नोकरीला बांधलेला होता, तेव्हा नुसतं नाही म्हणून घरी बसता येणार नव्हतं. इथल्या एका छोट्या कंपनीने त्याला विचारलं होतं. होड्यांची डिझाइनं करणारी, पाच-सहा माणसांची कंपनी. पगार कमी. आमचे रन ज्या शुक्रवारी संपणार होते, त्याच शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत फ्रिस्कोला हो की नाही ते कळवायचं होतं.

हे सगळं त्याने एका थांबण्याच्या वेळात सांगितलं. बाकावरून नाही. डेस्कपाशी येऊन, उभ्याने.

"तू काय म्हणशील?" त्याने विचारलं.

मला कुणी प्रश्न विचारला की मी त्याचं उत्तर देते. मी म्हटलं, फ्रिस्कोला राज्याचा इन्कम टॅक्स नाही. घरं मोठी आणि स्वस्त आहेत. मराठी मंडळ आहे, आपली दुकानं आहेत. कंपनी मोठी आहे, म्हणजे ग्रीन कार्डसाठी बरं. छोट्या कंपनीला कामं मिळाली नाहीत तर ती दोन वर्षांत बंद होऊ शकते.

तो ऐकत होता.

"म्हणजे फ्रिस्को," तो म्हणाला.

"या माहितीवरून... हो."

"आणि अजून काही माहिती नाहीये तुझ्याकडे?"

मी स्क्रीनकडे बघितलं. रेघ उतरत होती. होती माझ्याकडे माहिती. एक खांदा, एक छत्री, कुर्त्यावरचा डाग, जो मी अजून धुतला नव्हता. पण ती मोजलेली नव्हती, आणि न मोजलेल्या गोष्टीवर दुसऱ्याने गाव बदलावं की बदलू नये, हे मी कसं सांगणार होते?

"नाही," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला, आणि बाकावर जाऊन बसला.

त्या दिवशी पाणी लवकर शांत झालं. दुसऱ्या दिवशी त्याहून लवकर. रेघ खाली यायची आणि एखाद्या दोरीसारखी ताणून राहायची. ना थरथर, ना हालचाल. मी रन घेत होते, लाटा विरत होत्या, मी पुढचा रन घेत होते. कामाला कधी नव्हता एवढा वेग आला. हट्टी पाण्यामुळे ज्याला अडीच आठवडे लागतील असं वाटत होतं ते ठरल्याप्रमाणे दीड आठवड्यात संपणार असं दिसायला लागलं, आणि मला त्या सपाट रेघेची भीती वाटायला लागली.

खांबाआडून खांदा दिसत होता. तो हलत नव्हता. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि दोन्ही हात लॅपटॉपवर होते.

गुरुवारी दिगंबर काका आले. त्यांनी एकदा रेघ बघितली आणि चष्मा काढून पुसला.

"पाण्याचा हट्ट गेला वाटतं," ते म्हणाले.

"हो, काका."

"तुला बरं वाटतंय?"

मी म्हटलं, रन वेळेवर संपतील. काकांनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाले की त्यांची बायको, कांचन काकू, इथे आली तेव्हा त्यांनी तिला सहा महिने जहाजांबद्दलच सांगितलं. सातव्या महिन्यात तिने विचारलं, तुम्हाला मी आवडते का, एवढं सांगा, जहाज मी बघून घेईन.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं नाही. तिला एका जहाजावर घेऊन गेलो." ते उठले. "तुमच्याकडे तर जहाजही छोटंसंच आहे."

*

शुक्रवारी एकच रन उरला होता. खिडकीबाहेर नदीवर पाऊस पडत होता, आणि एक फेरी मॅनहॅटनच्या दिशेने गेली. ती दिसेनाशी झाल्यावर, बऱ्याच वेळाने, तिच्या लाटा आमच्या भिंतीवर लागल्याचा आवाज आला. मी तो आवाज रोज ऐकते. त्या दिवशी मला वाटलं, ती तर गेली आणि हे आत्ता पोचतंय.

अनिश बॅग भरून आला होता. बाकावर न बसता तो डेस्कपाशीच उभा राहिला. त्याने फोन काढून वेळ बघितली. साडेचार.

"एवढा रन झाला की मी निघतो," तो म्हणाला. "ट्रेनमधून मेल पाठवीन."

"फ्रिस्कोला?"

"तूच म्हणालीस ना."

आधीच्या रनच्या लाटा विरत होत्या. रेघ खाली येत होती, हलकेच वरखाली होत, मग तेवढीही नाही. मी तिच्याकडे बघत होते. एवढं सुंदर, शांत पाणी मी त्या टाकीत फार थोड्या वेळा बघितलं आहे. एका बटणाचं काम होतं. बटणाच्या शेजारी माझा हात होता.

"शांत झालं," तो म्हणाला.

मी उठले. कठड्याशी गेले, पाटीच्या बरोबर खाली. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली, गुडघे टेकले आणि हात पाण्यात घातला.

पाणी गार होतं. तापमान मला माहीत होतं, पण ते इतकं गार लागतं, हे माहीत नव्हतं.

"अजून नाही," मी म्हणाले.

मग तो आला आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसाच. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग पाटीकडे.

"नीलांबरी... काय करून राहिली तू?"

त्याने माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. इतके दिवस कामच पडलं नव्हतं. टाकीवर आम्ही दोघंच असायचो.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "तुझा हात. बदकांच्या नंतरच्या आठवड्यापासून."

तो कानापर्यंत लाल झाला, ते मी बघितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"कारण तू थांबला असतास."

"हात घालायचा थांबलो असतो?"

"हो. आणि मग पाणी लवकर शांत झालं असतं." मी बोटं पाण्यात फिरवत राहिले. "तसंच झालं ना या दीड आठवड्यात. मला... ते आवडलं नाही. तू त्या दिवशी विचारलंस, अजून काही माहिती आहे का. ही होती."

डेस्कवरच्या स्क्रीनवर रेघ हलत होती. आम्हाला दोघांनाही ती तिथून दिसत होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला, सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस बघतो तसा, डोळे बारीक करून.

"लाटा आखूड आहेत," तो शेवटी म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "मला घाई नाहीये."

तेव्हा तो हसला. खिशातून फोन काढला, दोन ओळी लिहिल्या आणि पाठवण्याआधी माझ्यासमोर धरला. वाचण्यासारखं फार नव्हतं. फ्रिस्कोला नाही, आभारी आहे. मी वाचून मान डोलावली. त्याने पाठवलं, फोन बाकावर ठेवला, आणि बाही वर करून त्याचाही हात पाण्यात घातला. माझ्या हाताच्या शेजारी. मग शेजारीही नाही.

मागून दाराचा आवाज झाला. दिगंबर काका आत आले, आम्हाला तसं बघून थबकले, आणि थर्मास डेस्कवर ठेवून निघाले. जाताना म्हणाले, रन सोमवारी घ्या. पाणी कुठे पळून जात नाही.

स्क्रीनवर आता दोन हातांनी उठवलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या होत्या. कुठली कुणाची, ते वेगळं काढायची रीत आहे. मला ती येते. पण मी पाण्यातून हात काढला नाही.